बुचाचं अस्तर

"दाराच्या फटीत बोटं धरून वरून दार आपटलंय," डॉक्टर म्हणाला. "एकदा नाही. पुन्हा पुन्हा."

इन्स्पेक्टर नेवेंका बारिचने खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं. स्तिपान गालोविच. ओसियेक शहरातल्या जुन्या घरांतून ओकच्या लाकडी जमिनी बसवण्यात त्याची हयात गेली होती. आता उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि बायको येला त्याला चमच्याने सूप भरवत होती. तो लाजत होता. मार खाल्लेल्या माणसानेच लाजायचं, हे पाहून नेवेंकाला चीड आली.

"कोणी केलं?"

"ब्लाझने. रेझाआजीच्या नातवाने. माझ्याच वर्कशॉपात. दर वेळी दार आपटताना विचारायचा, माळ कुठंय. अहो, मला माहीत असतं तर पहिल्याच दणक्याला सांगितलं असतं. बोटांपुढे सोन्याचं काय घेऊन बसलात?"

माळ म्हणजे रेझा फिलाकोविचची मोहरांची माळ. लाल फितीवर शिवलेल्या जुन्या सोन्याच्या मोहरा. घराण्यातली जी मुलगी चर्चमध्ये लग्नाला उभी राहील तिच्या गळ्यात ती पडायची. येत्या शनिवारी आजीची नात क्लारा उभी राहणार होती. आणि गेल्या रविवारी आजीने कपाट उघडलं, तर माळ गायब.

"त्या घरात तू एकटाच होतास?"

"अख्खा आठवडा. आजी मुलाकडे राहायला गेली होती. सामान सगळं स्वयंपाकघरात रचलेलं, कपाटसुद्धा. मी उघडलंही नाही."

"आणि किल्ली?"

"शुक्रवारी काम संपलं तशी आजीच्या मुलाच्या हातात दिली. आंतुनच्या. हालरआजोबा होते तिथेच, विचारा त्यांना."

"हालर कोण?"

"खालच्या मजल्यावरचा म्हातारा," येला फणकारली. "त्याच्या कानांपायीच तर हे अस्तराचं काम निघालं."

घर जुनं, मजल्यामजल्यात लाकडी तुळया. वर रेझाआजीने पाऊल टाकलं की खाली एमेरिक हालरच्या कपाळात घण. वर्षानुवर्षं दोघं जिन्यात भांडली. शेवटी बिल्डिंगच्या लोकांनीच ठरवलं, आजीने नवी जमीन घालावी आणि तिच्याखाली आवाज गिळणारं बुचाचं अस्तर.

"नीट घातलं होतंस?"

स्तिपानचे डोळे पहिल्यांदाच पेटले. "मला विचारता? खाली जुन्या फळ्या. त्यांच्यावर बूच. बुचावर ओक. ओकची फळी खाली कशालाच धरलेली नाही. एकमेकींना डिंकाने धरून सगळ्या नुसत्या बुचावर पडून आहेत. भिंतीशीसुद्धा फट सोडलीय, कडपट्टीखाली झाकलेली. कुठे जरा टेकली की मेहनत पाण्यात. शुक्रवारी आंतुनसमोर मी वर उड्या मारल्या, ह्या वयात. हालर खाली पलंगावर आडवा. थोड्या वेळाने वर येऊन म्हणतो, 'चला, कधी सुरू करताय?'"

येलाही हसली. मग तिला हाताकडे पाहून रडू आलं.

"निघताना काय काय उचलून नेलंस?"

"हत्यारं. भुशाची पोती. कातरलेल्या फळ्या. बुचाचा तर तुकडा उरला नाही. दारापाशी कातरणं जोडून भागवलं. पोती तपासा हवी तर, अंगणातच पडलीयत."

"डॉक्टर काय म्हणतो बोटांचं?"

"दोन बोटं वाकणार नाहीत," येला म्हणाली.

* * *

ठाण्यात नेवेंकाचा साहेब क्रेशिच खिडकीपाशी बुरेक खात उभा होता.

"पोराने हात उचलला, चुकलंच त्याचं. समज देऊन सोड," तो म्हणाला. "पण चोरीत गूढ कसलं? घरात बाहेरचा माणूस एकच. कपाटाचं कुलूप नावाला. माळ गेली. आणखी काय हवंय तुला?"

"माळ हवीय."

"असेल कुठे पुरून ठेवलेली."

"आणि बोटं, साहेब? ती कुठे पुरू?"

क्रेशिचने तोंडातला घास तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. ती वळून चौकशीच्या खोलीत गेली आणि दार जरा जोरातच लावलं. ब्लाझ दचकला. ह्याला आता दाराचा आवाज सहन होत नाही, हे बघून तिला बरं वाटलं.

ट्राम चालवणारा, रुंद खांद्यांचा, पोरगेला चेहरा. डोळे सुजलेले.

"स्तिपानने चोरली, हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांना मिळून एक तोंड नसतं. मला एक तोंड सांग."

त्याने बाहीने नाक पुसलं. मग म्हणाला, "काका. म्हणजे त्याने तसं सांगितलं नाही. मी कुणावर आळ घेणार नाही, म्हणाला. पण त्या घरात दुसरं होतंच कोण? आपल्या क्लाराने उघड्या गळ्याने उभं राहायचं, एवढंच मला डाचतं, म्हणाला."

"आंतुनकाका."

"हो. बाबा गेल्यापासून आमचं सगळं तोच बघतो."

"वर्कशॉपवर गेलास कसा?"

"काकाने गाडीने सोडलं."

"आत आला?"

"नाही. गाडीतच बसला. शांतपणे बोल त्याच्याशी, म्हणाला."

"स्तिपान ओरडत होता. शेजारची बेकरीवाली रस्ता ओलांडून धावत आली. तुझ्या काकाला ऐकू आलं नाही?"

"रेडिओ चालू होता," ब्लाझ म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

नेवेंकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक माणूस आत दुसऱ्याची बोटं चेचतोय आणि तिसरा बाहेर गाडीत बसून गाणी ऐकतोय. समज देऊन सोडण्याचं तिने मनातून काढून टाकलं आणि ब्लाझला कोठडीत टाकलं.

* * *

आंतुन फिलाकोविच स्वयंपाकघराची कपाटं बनवायचा. त्याच्या हातचं दार कधी कुरकुरत नाही, असा गावात लौकिक. मागे कारखाना, पुढे घर. घर इतकं टापटीप की नेवेंकाने दारातच बूट काढले आणि समोर ठेवलेल्या सपाता घातल्या. रेझाआजी टेबलाशी बसली होती. ठेंगणी, ताठ, काळा रुमाल बांधलेली. माळ गेल्यापासून दिवसभर ती इथेच असायची, झोपायला तेवढी आपल्या घरी जायची.

"पकडलात का त्या चोराला? की माझ्या नातवालाच डांबून ठेवणार?" म्हातारीने सलामीलाच तोफ डागली. "माझ्या घराची किल्ली दिली मी त्याला! सगळ्या गल्लीला सांगितलंय, पुन्हा कुणी त्याला दारात उभा करू नका."

"आई, शांत हो," आंतुन म्हणाला. आवाज मऊ, केस पाणी लावून बसवलेले. "इन्स्पेक्टरबाई त्यांचं काम करतायत. स्तिपानच्या हाताचं फार वाईट झालं. मी तर ब्लाझला बजावलं होतं."

"गाडीतून."

त्याने केसांवरून हात फिरवला. "त्याला चालत जाऊ दिलं असतं तर रस्त्यात आणखी तापला असता."

आंतुनच्या बायकोने कॉफी आणली. नेवेंकाने सवयीने बशी धरली.

"धरू नका, सांडणार नाही आता," आजी म्हणाली. "इतकी वर्षं हे टेबल डुगडुगायचं. सुताराच्या घरात! ह्या आठवड्यात कुठे ह्याला मुहूर्त लागला."

चमचा पडला म्हणून नेवेंका वाकली. टेबलाच्या एका पायाखाली तपकिरी, दाणेदार तुकडा दुहेरी करून सरकवलेला होता. चमचा उचलून ती सरळ बसली.

"घराच्या किल्ल्या किती?"

"दोन," आंतुन म्हणाला. "एक क्लाराकडे. आईची स्तिपानने मला परत दिली, ती ह्या खिळ्यावर होती. घरात माणसांचा राबता असतो. ब्लाझ तर रोजच येतो."

"आणि तुम्ही शनिवारी कुठे होता?"

"कारखान्यात. दिवसभर."

"जेवायलासुद्धा आला नाही," आजी म्हणाली. "मी हाका मारून दमले. यंत्राच्या आवाजात ह्याला काही ऐकू येत नाही. पण मन बघा पोराचं. रविवारी मी घरी गेले, तर संध्याकाळी खिडकीपाशी अंथरायला जाड गालिचा घेऊन आला. आईचे पाय गारठू नयेत म्हणून."

"नशीबवान आहात. आजी, ही माळ क्लारालाच द्यायची, हे आधीपासून ठरलेलं?"

"ठरलेलंच. माळ क्लाराला, माझ्यामागे घर आंतुनला. कुणाची तक्रार नाही."

"आंतुनना मुलगी आहे ना? थोरली?"

म्हातारीचे ओठ घट्ट मिटले. "इवाना. श्टुटगार्टला असते. एका माणसाबरोबर राहते, लग्नाशिवाय. तिच्या गळ्यात माझ्या सासूची माळ पडायची नाही. मी हे तिच्या तोंडावर सांगितलंय."

आंतुन बिनसाखरेची कॉफी ढवळत राहिला.

* * *

रेझाआजीच्या बिल्डिंगच्या जिन्यात हालरआजोबा झाडूचा दांडा घेऊन उभेच होते. सडपातळ म्हातारा, आयुष्यभर रेल्वेत सिग्नल पाहिलेला.

"आलात एकदाचे! दोनदा फोन केला मी. तुमचा माणूस हसतो फोनवर!"

"मी माळेच्या चौकशीला आलेय, आजोबा."

"माळ गेली खड्ड्यात. माझी झोप गेलीय, तिची फिर्याद कोण घेणार?"

नेवेंका पुढच्या पायरीवर पाय ठेवणार होती. तो खाली घेऊन तिने विचारलं, "झोप कशी गेली? शुक्रवारी तर तुम्हाला उड्यासुद्धा ऐकू आल्या नव्हत्या."

"शुक्रवारी स्वर्ग होता! स्तिपानचा हात सोन्याचा आहे, कुणी काही म्हणो. किल्ली देऊन, टोपी उचलून गेला बिचारा. शनिवारी मी लेकीकडे वुकोवारला होतो. रविवारी परत आलो, ती वरची घरी आली आणि ठक! सगळीकडे नाही हं. एकाच जागी. खिडकीत फुलांना पाणी घालायला येते, ठक. निघते, ठक. बरोबर माझ्या उशीवर."

"आंतुनला सांगितलंत?"

"लगेच. इतक्या वर्षांत ह्या माणसाने माझं एक अक्षर कधी ऐकलं नाही. आणि परवा? 'बघतो हं, आजोबा,' म्हणाला आणि संध्याकाळी गालिचा घेऊन धावत आला! मला वाटलं, माणूस सुधारला. पण ठकठक आहेच. कमी झालीय, एवढंच."

नेवेंकाने वर पाहिलं. मग हालरच्या घराकडे बोट दाखवलं. "मला तुमच्या पलंगावर झोपू द्याल?"

म्हाताऱ्याचा दांडा हातातून निसटला. "बाई, ह्या वयात मला असं कुणी विचारलं नव्हतं."

वरच्या घराची दुसरी किल्ली क्लाराकडे होती; नेवेंकाने तिला फोन केला. ती धावत आली. गोरी, रडून लाल झालेली मुलगी. चार दिवसांवर लग्न आणि भाऊ कोठडीत. नेवेंकाने तिला आजीच्या खोलीत उभं केलं, गालिचा गुंडाळायला लावला आणि स्वतः खाली येऊन हालरच्या उशीवर डोकं ठेवलं. तिच्या बापाने आयुष्यभर लाकडी जमिनीच्या फळ्यांच्या गिरणीत ओक चिरला होता. घरी जेवताना दुसरा विषय नसे. जमिनीने कुठे गप्प राहावं आणि कुठे बोलावं, हे ऐकत ती वाढली होती.

"चाल!" तिने खिडकीतून ओरडून सांगितलं.

दारापासून क्लारा निघाली असणार. काही नाही. मधोमध आली असणार. काही नाही. हालर तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. काही नाही. आणि मग डोक्याच्या बरोबर वर, ठक.

"आता पटलं?" हालर ओरडला. "पटलं का?"

नेवेंका धडपडत वर गेली आणि खिडकीपाशी गुडघ्यांवर बसली. भिंतीलगतची शेवटची फळी. तिच्यावर दोन जागी लाकडाच्या बारीक टिकल्या होत्या, नखाएवढ्या. ओकच्याच. फळीच्या रेषेला टिकलीची रेष इतकी जुळवलेली की उभ्याने कुणालाही दिसली नसती. सुबक काम होतं. तिने मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली.

"फळी उचलायची?" क्लाराने विचारलं.

"नाही. उद्या दुपारी सगळ्यांना बोलव. आजी, काका. माझ्या साहेबांना मी आणते. आणि ब्लाझलाही."

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खोलीत सगळे सपाता घालून उभे राहिले. रेझाआजी खुर्चीत. तिच्यामागे आंतुन, खुर्चीच्या पाठीवर हात. क्लारा. बेड्या घातलेला ब्लाझ, दोन हवालदारांच्या मधे. हालर दारात, बोलावलं नव्हतं तरी. क्रेशिच घड्याळ बघत होता.

"माझी बारीकशी शंका आहे," नेवेंका म्हणाली. "स्तिपान चोर असेल तर तो माळ घेऊन गेला असणार. बरोबर, साहेब?"

"उघड आहे."

"मग ती ह्या घरातच निघाली तर?"

आजी ताठ झाली. आंतुनचा हात खुर्चीवरून सुटला. पण लगेच तो म्हणाला, "म्हणजे इथेच लपवून ठेवली त्याने? नंतर येऊन न्यायला?"

"तुम्ही फार पटकन बोललात. तेही तपासू. ब्लाझ, तू उत्तर दे. स्तिपानची जमीन खाली कशाला धरलेली असते?"

ब्लाझ गोंधळला. "मला नाही माहीत."

"कशालाच नाही. बुचाचं अस्तर असतं आणि त्यावर ओक नुसता पडून असतो. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आक्रसतं, त्याला हलायला जागा लागते. त्यात एक स्क्रू खालपर्यंत मारला की अस्तर फुकट. आवाज स्क्रूवरून सरळ जुन्या फळ्यांत, तिथून तुळईत, तिथून हालरआजोबांच्या उशीवर. स्तिपानने शुक्रवारी आजोबांना खाली झोपवून जमीन दाखवली. आवाज नव्हता. त्याच वेळी किल्ली दिली. आजोबा, खरं?"

"शपथेवर सांगेन," हालर म्हणाला.

"रविवारी आवाज होता. एकाच जागी. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी ह्या जमिनीत स्क्रू मारला. स्तिपानकडे तेव्हा किल्ली नव्हती. आणि असती तरी त्याने मारला नसता. जमिनी बसवणारा माणूस एकवेळ उपाशी राहील, पण तरंगत्या जमिनीत स्क्रू मारणार नाही. त्याला विचारलं तरी राग येतो, मी पाहिलंय."

"किल्ल्या दोन होत्या," क्रेशिच पुटपुटला. त्याने घड्याळ बघायचं सोडलं होतं.

"एक क्लाराकडे, एक आंतुनच्या खिळ्यावर. त्या खिळ्यावर ब्लाझचाही हात पोचतो, हे आंतुननी मला आवर्जून सांगितलं. म्हणून मी फळ्याच बघितल्या." तिने टिकल्यांवर बोट ठेवलं. "शेवटची फळी बाहेर काढायची म्हणजे कडपट्टी काढायची आणि डिंकाचा सांधा तोडायचा. सांधा तुटला की फळी हलते. जमीनवाला नवा डिंक लावेल आणि वाट बघेल. सुताराला हलणारी फळी सहन होत नाही. हललं की स्क्रू. वरून टिकली, रेषेला रेष जुळवून. ट्राम चालवणाऱ्याला हे जमेल? ब्लाझ, तुला जमेल?"

ब्लाझ टिकल्यांकडे बघत होता. मग हळूहळू त्याची मान काकाकडे वळली.

"शनिवारी दिवसभर यंत्राच्या आवाजात हाक ऐकू आली नाही. यंत्र चालू होतं. माणूस तिथे होता कुठे?" नेवेंकाने खिशातून कागदाची पुडी काढली. "आणि हे सकाळी तुमच्या टेबलाखालून काढून आणलंय, तुमच्या बायकोच्या सहीने. बूच. स्तिपानकडे बुचाचा तुकडा उरला नव्हता. मग तुमच्या घरी आलं कुठून? चांगला माल फेकवला नाही तुम्हाला. साहेब, फळी काढायला सांगा."

हवालदाराने टिकल्या कोरल्या, स्क्रू काढले. फळी उचलली गेली. खाली बुचात लांबट चौकोन कापलेला होता, कडा धारदार, सरळ. त्या खाचेत लाल फीत पसरून ठेवली होती आणि तिच्यावर मोहरा एकीशेजारी एक निवांत पडून होत्या. अस्तराच्या जाडीत त्या अगदी बरोबर बसल्या होत्या. नेवेंकाने पुडीतला तुकडा उलगडून खाचेच्या कडेला लावला. कड कडेला मिळाली.

क्लाराने तोंडावर हात धरला.

"गावातला प्रत्येक सोनार ही माळ ओळखतो. विकायची नव्हतीच तुम्हाला," नेवेंका आंतुनला म्हणाली. "हे घर पुढे तुमचंच होणार. तोवर ती तुमच्याच जमिनीखाली राहणार, मग इवानाच्या गळ्यात जाणार."

आंतुनचे बसवलेले केस कपाळावर आले होते. आणि आता तो मऊ आवाज कुठेतरी गेला.

"हो! इवानाच्या!" तो आईवर ओरडला. "थोरली नात आहे ती तुझी! लहानपणी ही माळ घालून आरशापुढे उभी राहायची. तूच घालायचीस! एका पाद्र्याच्या सहीसाठी तू तिला फोनवर रांड म्हणालीस. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. तुझी कपाटं मी केली, तुझी औषधं मी आणली, आणि माळ कुणाला? धाकट्या क्लाराला!"

"मग माझ्याशी भांडायचंस," रेझाआजी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "माझ्या झिंज्या उपटायच्यास. त्या माणसाने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"मी त्याला हात लावला नाही!"

"नाही लावला," नेवेंका म्हणाली. तिला स्वतःचा आवाज आवरता येत नव्हता आणि आवरायचाही नव्हता. "ह्या पोराला पेटवलंत, गाडीत घालून नेलंत, दारात सोडलंत. आत माणूस किंचाळत होता. माळ कुठंय ते सगळ्या गावात तुम्हा एकट्याला माहीत होतं. एक शब्द बोलला असतात तर त्याची बोटं वाचली असती. तुम्ही रेडिओ लावलात!"

ब्लाझने बेड्यांसकट उडी घेतली. हवालदारांनी त्याला धरलं. पण तो काकाकडे पोचलाच नाही, वाटेतच खाली बसला. त्या उघड्या खाचेपाशी. "तो सांगत होता मला," तो म्हणाला. "दर वेळी सांगत होता, मला माहीत नाही, मला माहीत नाही. मी ऐकलं नाही. काका, मी ऐकलं नाही!" आणि मोठा गडी लहान पोरासारखा हमसून रडू लागला. नेवेंकाला त्याची दया आली नाही. निदान तेव्हा तरी आली नाही.

क्लाराने माळेला हात लावला नाही. "मला नको ही," ती म्हणाली. "मी उघड्या गळ्याने उभी राहीन."

आंतुनला बेड्या घालताना तो पुन्हा हळू बोलू लागला. "आई, हे घरातच मिटवू. तू म्हणालीस की माळ सापडली, कपाटामागे पडली होती, तर केसच उरत नाही. लोक काय म्हणतील, विचार कर."

रेझाआजी खुर्चीतून उठली. नेवेंकाला वाटलं, आता ही कोसळणार. म्हातारीने सपाता काढल्या, दारातले बूट घातले आणि विचारलं, "स्तिपान कुठल्या गल्लीत राहतो? मला न्या."

* * *

स्तिपानला त्याच सकाळी घरी सोडलं होतं. नेवेंकाने गाडी फाटकापाशी उभी केली. उतरायला मदत करू लागली तर म्हातारीने हात झटकला.

दार येलाने उघडलं. आजीला पाहून ती उंबऱ्यातच उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"माळ माझ्या मुलाने चोरली," रेझाआजी म्हणाली. "तुझा नवरा निर्दोष आहे. मी त्याला चोर म्हणाले. मी खोटं बोलले."

बाजूच्या कुंपणाशी दोन बायका थांबल्या. येलाचा चेहरा हलला नाही.

"तो आतल्या खोलीत आहे," ती म्हणाली. "त्याला ऐकू गेलं नाही."

म्हातारीने छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं. आता कुंपणापलीकडेही ऐकू गेलं.

"पुन्हा," येला म्हणाली.

तिसऱ्यांदा 'माझ्या मुलाने' ह्या शब्दांवर रेझाआजीचा आवाज फुटला, पण तिने वाक्य पुरं केलं. नेवेंका गाडीपाशीच उभी होती. मध्ये पडावं असं तिला वाटलं नाही. येला आत या म्हणाली नाही, आणि दारही लावलं नाही. दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहिल्या. मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि डाव्या हाताने भिंत धरत स्तिपान दारापर्यंत आला.

"ऐकलं पहिल्यांदाच," तो म्हणाला. "हिला पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं."

त्याने प्लास्टरमधला हात म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरला आणि तिने तो नीट पाहीपर्यंत खाली घेतला नाही.